दोन खेपांचा व्हिसा

माझ्या मेहुण्याने, दामूनानाने, आजवर एकाही माहेरवाशिणीला एकटीने सासरी जाऊ दिलेलं नाही. पुतणीचा नवरा स्वतःची गाडी घेऊन तिला न्यायला आला, तरी हा पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला. पुतणी बिचारी मागे. नवरा म्हणाला, "नाना, मी आहे ना!" हा म्हणाला, "तू गाडी चालव. मी पोचवतो." एरंडोलला तिला दारात उतरवलं आणि पाणीही न पिता एसटीने धुळ्याला परत.

धुळ्यात त्याची पिठाची गिरणी. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की गिरणीला कुलूप लावून माझ्या बायकोला, सुमनला न्यायला जळगावला हजर. आत ये म्हटलं तरी बसायचा नाही. उंबऱ्यातूनच, "अक्का, लेवाले मी उनू, पोचाडालेबी मीच येसू." न्यायला मी आलो, पोचवायलाही मीच येईन. दरवर्षी तेच वाक्य. मी त्याला वेडा म्हणायचो. सुमन म्हणायची, "तुम्हाला बहीण असती तर कळलं असतं."

गेल्या अखजीला त्याच्याच घरी, झोक्यावरून उतरता उतरता सुमन गेली. लोक म्हणाले, इथंच उरका. त्याने ऐकलं नाही. अँब्युलन्समध्ये तिच्याजवळ बसून जळगावला आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दाजी, पोचवली."

यंदाच्या अखजीला तिच्या नावाची, पितरांची घागर पुजायची होती. आमची एकुलती रेखा जर्मनीत. फोनवर म्हणाली, "आईच नाही, बाबा. आता मला माहेरी न्यायला कोण येणार?" फोन स्पीकरवर होता, दामूनाना उंबऱ्यातच चहा घेत उभा होता. त्याने ऐकलं, चहा तसाच ठेवला आणि निघून गेला.

काही दिवसांनी नवाकोरा पासपोर्ट घेऊन आला. "भाचीला आणायला जातो." मी हादरलोच. हा माणूस नाशिकच्या पुढे कधी गेला नव्हता.

ट्रॅव्हल एजंटने विचारलं, "नाना, काय काय बघायचंय?"

"रेखाला."

"आणि?"

"आणि काय? दोन दिवसांत तिला घेऊन येतो. मग पोचवायला जातो, दोन दिवसांत परत. गिरणी किती दिवस बंद ठेवू?"

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

मग बँकेचे कागद, विमा, रेखाचं निमंत्रण, सगळं घेऊन आम्ही मुंबईला व्हिसा केंद्रात गेलो. बोटांचे ठसे चार-चारदा घ्यावे लागले. पिठात घासून रेषाच उरल्या नव्हत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा ट्रिपला मल्टिपल एंट्री कशाला?"

"आणायची एक, पोचवायची एक. एकात दोन कशा बसवू?"

"पण त्या स्वतः येऊ शकतात ना?"

दामूनाना तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, तुझं लग्न झालं?"

"झालं."

"मग तुला माहेरी कोण नेतं?"

"कॅब बुक करते."

त्याने हात जोडले. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाला, "दाजी, पोरगी चांगली होती हो. तिला कोणीच नाही."

व्हिसा आला. एकाच खेपेचा.

त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या घरात बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर. "आणायला गेलो तर पोचवू कसा?" एवढंच परत परत. मी रेखाला फोन लावला, सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "मामाला सांगा, मी माझी येते. त्याची खेप पोचवायला ठेवा."

रेखा आली. आईच्या नावाची घागर पुजली, आंबे-पुरणपोळी झाली, झोक्यावरही बसली. जायच्या दिवशी दामूनाना नवा सदरा घालून, जुनी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा. रेखा गाडीत बसली. हा मात्र थांबला, माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं,

"दाजी, मागच्या खेपेला अक्काला पोचवलं, तेव्हा धुळ्यापासून इथवर मी एकटाच बोलत होतो. ही बोलेल ना?"