दामाकाकांचा गुन्हा

लोक ओळख करून देताना गाव सांगतात, नोकरी सांगतात. रोह्यातले आमचे शेजारी दामाकाका सांगतात, "आपन सजा झालेला मानूस हाय." लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर माझ्या नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. पाहुणे परत फिरकले नाहीत.

गुन्हा जुना. पेणच्या खाडीकडे काकांची भातशेती होती. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत घुसतं आणि जमीन नासते. अर्ज करकरून थकल्यावर गावाने पाहणीला आलेल्या साहेबाला त्याच खांडीत, चिखलात, भरती कमरेला लागेपर्यंत बसवून ठेवलं. बांध लगेच दुरुस्त झाला. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून दामाकाकांना सजाही झाली.

यंदा अमेरिकेतल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, सुनंदाचे दिवस भरत आले. काकी हयात नाहीत, तेव्हा बाळंतपणाला बापानेच जायचं ठरलं. व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता, कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? काका खुलले. इतक्या वर्षांत कोणी आपणहून विचारलंच नव्हतं. एजंट म्हणाला, 'नाही' लिहा, कोण बघतंय.

"मिळालेली सजा दडवाया मी काय चोर हाय?"

पुढे कळलं, त्यांचंच बरोबर होतं. गुन्ह्यातून सूट मिळू शकते, पण खोटं पकडलं गेलं की दार बहुधा कायमचं बंद.

मुंबईला वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी भला होता. दुभाष्या बाईंमार्फत त्याने सगळं ऐकून घेतलं. पाणी कुठवर आलं होतं, हेही विचारलं म्हणे. मग म्हणाला, नियमात तुमचा गुन्हा आडवा येतोय, पण सूट द्या अशी शिफारस मी वर करू शकतो. पश्चात्ताप होतो का?

"नाय होत," काका म्हणाले. "बांध फुटला तर सायबाला परत बसवीन."

त्याने कोर्टाच्या निकालाची प्रत मागवली आणि शिफारस करून बघतो, पण वेळ लागेल, असं सांगितलं. म्हणजे बाळ आधीच येणार.

मला रागच आला. 'चुकलं' म्हणायला काय जात होतं तुमचं, असं मी त्यांना ओट्यावरच सुनावलं.

"सायबाचा हात धरून चिखलात बसवला तो मी नाय गो, तुझ्या काकीनं. सुनंदा अंगावर पीत व्हती, म्हनून मी पुढं झालो. आता काकी नाय. मी चुकला म्हनलो तर तिचा चुकला, असा व्हतो."

तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. बातमी ऐकून ती रडायला लागली. काकांचे डोळेही भरले होते, पण आवाज त्यांनी चढाच ठेवला.

"रडतेस काय? पोर चालाया लागला का घेऊन ये. त्याला आजीचा बांध दाखवायचा हाय."