हंसाकाकींच्या विहिरीचा आकडा

हंसाकाकींच्या विहिरीत समुद्र शिरला, ही बातमी भूपेशला शुक्रवारी सकाळी साडेसहा वाजता त्याच्याच मोबाईलने दिली. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्याने नकाशा उघडला, तर वटार गावच्या सहा हिरव्या ठिपक्यांशेजारी नवा सातवा ठिपका कुंकवासारखा लालभडक उमटलेला. खारटपणाचा आकडा होता बहात्तर.

"निधी, समुद्राचा आकडा किती गं?"

"पस्तीस. तूच मला पुस्तिकेत लिहायला लावलास," त्याची बायको डबा भरता भरता म्हणाली. "का?"

"काकींच्या विहिरीचा बहात्तर आलाय."

"म्हणजे दोन समुद्र शिरले?"

विनोदाला दाद द्यायच्या अवस्थेत भूपेश नव्हता. तो सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात विजेच्या पॅनेलच्या वायरी जोडायचा आणि उरलेल्या वेळात विहिरींची नाडी बघायचा. हातभर पीव्हीसी पाइप, त्यात स्टीलच्या दोन सळ्या आणि एक इवलंसं सर्किट. हे विहिरीत सोडलं की पाणी किती खारट ते घरबसल्या कळायचं. यंत्राची सगळी आकृती त्याने इंटरनेटवर उघडी ठेवली होती. कुणीही बघा, कुणीही बनवा, कुणीही सुधारा. पण सुधारायला कुणी फिरकत नव्हतं. 'आपली विहीर' नावाच्या त्याच्या ऑनलाइन मंडळात दोन वर्षांत अकरा सभासद जमले होते. त्यांतला एक केरळातला भातशेतीवाला, एक सुंदरबनातला मास्तर, आणि दोघे निधीच्या माहेरचे. ते दोघे रोज फुलांचे फोटो टाकायचे.

आता मात्र मंडळ वाढवणं ही नुसती हौस राहिली नव्हती. वटारच्या वाड्यांच्या मधोमध भूपेशच्या घराण्याचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडवडिलांनी वाळूत खणून राखलेलं गोड्या पाण्याचं तळं. काठाला केळी, पाण्यावर झुकलेल्या भेंडीच्या झाडाची पिवळी फुलं, आणि पोटातून झिरपत चाललेली माया भोवतालच्या विहिरींना. भूपेशच्या वडिलांमागे घरचा कारभार जयरामकाकांकडे आला, आणि काकांच्या डोक्यात बावखल बुजवून लग्नाचा हॉल बांधायचं आलं. भूपेशने हात जोडले तेव्हा काका म्हणाले होते, "पान्याची पर्वा तुला एकट्यालाच. येत्या रविवारपर्यंत पंचवीस विहिरींवर तुझे ठिपके दाखव, मी बावखलाला हात लावनार नाय. नाय दाखवलेस तर सोमवारी माती टाकायला घेनार."

सहा ठिपके झाले होते. सातवा हंसाकाकींनी, म्हणजे खुद्द काकांच्या बायकोने, गुरुवारी स्वतः मागून घेतला होता. निधीने लिहिलेली मराठी पुस्तिका चष्मा लावून वाचत त्या म्हणाल्या होत्या, "तू जा कामाला. मला वाचता येतं."

आणि तोच ठिपका आता लाल झाला होता.

धोक्याचा आकडा आला की मंडळातल्या सगळ्यांना आपोआप इशारा जायचा. ही सोय भूपेशने मोठ्या अभिमानाने बसवली होती, पण इतक्या दिवसांत ती कधी वाजली नव्हती. आज वाजली. शेजारच्या रेजिनाबायने तो इशारा चर्चच्या महिला मंडळात ढकलला, तिच्या मुलाने, फ्लॉईडने, गायनवृंदाच्या ग्रुपवर, आणि साडेसातला भूपेश धावत काकांच्या अंगणात पोचला तेव्हा तिथे निम्मं वटार जमलेलं होतं.

काका पंपाच्या नळाला तांब्या लावून उभे होते. एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"खारट!"

"बघू," म्हणत रेजिनाबायने घोट घेतला. "अगो बाय, खारटच की! काल माझ्या चहाला चव नव्हती ती ह्याचीच."

"तुमच्या चहाचं पाणी तुमच्या विहिरीचं ना?" भूपेशने विचारलं.

"मग तिथंपन पोचलं!"

तांब्या हातोहात फिरला. जो पिईल तो तोंड वाकडं करी. शेवटी भूपेशनेही घोट घेतला आणि देवाशपथ, त्यालाही मिठाची चव लागली. एकटा फ्लॉईड डोकं खाजवत म्हणाला, "पण भूपेश, समुद्रापेक्षा डबल खारट समुद्र आला कुठून? अर्नाळ्याला तरी एवढा नाय."

त्याचं ऐकायला कुणाला सवड होती! "आमच्या विहिरीला कधी लावतोस?" "आमच्या आधी त्यांच्याकडे गेलास तर बघ." भूपेशच्या शर्टाची बाही दोन्हीकडून ओढली जात होती. कारखान्यात रजा टाकून त्याने घरच्या ओटीवरच दुकान मांडलं. फ्लॉईड पाइप कापू लागला, निधी सळ्या बसवू लागली, आणि रेजिनाबाय जन्मात हातात न धरलेल्या सोल्डरिंगच्या सळईने असे टाके घालू लागली, जसे काही पोलक्याला हुक लावतेय. मंडळाचे सभासद दुपारी साठ झाले, दिवेलागणीला दोनशे. केरळवाल्याने आपल्याकडच्या शेतकऱ्यांना आणलं, सुंदरबनच्या मास्तरांनी आख्खी शाळा आणली. शनिवारी दुपारी नकाशावर एकतीस ठिपके होते. तीस हिरवे आणि एक लाल.

पैज जिंकल्यात जमा होती. तरी भूपेशला घास गोड लागेना. रेजिनाबायची विहीर काकींच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर, आणि तिचा आकडा एकसुद्धा नव्हता. समुद्र चाळीस पावलं चालायला आळस करतो की काय? न राहवून तो काकांच्या वाडीत गेला आणि विहिरीत वाकला. आत गार, काळंभोर, शांत पाणी. कठड्याला दोरी नव्हती. पाण्यात पाइपही नव्हता.

"काकी, यंत्र कुठाय?"

"त्ये होय?" काकी सुपात तांदूळ पाखडत म्हणाल्या. "बरनीत हाय."

स्वयंपाकघराच्या फळीखाली चिनीमातीची गुडघाभर उंच बरणी होती. झाकण बाजूला सारून भूपेशने आत पाहिलं. खाऱ्या पाण्यात चैत्रातल्या कैऱ्या निवांत डुंबत होत्या, आणि त्यांच्या मधोमध त्याचं यंत्र इमानेइतबारे जगाला आकडा कळवत उभं होतं.

"काकी! हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? पुस्तकात लिवलंय ते केलं." त्यांनी पुस्तिका पुढ्यात टाकली. "वाच. चार नंबर. 'यंत्र खाऱ्या पाण्यात बुडवा.' घरात खारं पानी ह्या बरनीतच. पाच नंबर. 'मोबाईलवर आकडा पाहा.' तो तुम्ही बघितलात. सहा नंबर. 'अभिनंदन! तुम्ही आता मंडळाचे सभासद आहात.' काढून विहिरीत सोडायचं कुठं लिवलंय?"

भूपेशने पुस्तिका उलटली, सुलटली. खाऱ्या पाण्यातली बुडी नुसती यंत्र तपासण्यापुरती होती, पण मग ते विहिरीत सोडा असं कुठेच लिहिलं नव्हतं. आधीच्या सहा विहिरींत त्याने स्वतःच्या हाताने यंत्रं सोडली होती आणि काल-आजची सगळी त्याच्या देखरेखीखाली गेली होती. नुसत्या पुस्तिकेवर विसंबणारी पहिली बाई हंसाकाकी.

घरी येऊन त्याने निधीला सगळं सांगितलं आणि कपाळ धरून बसला. "उद्या काकांसमोर नकाशा ठेवायचा. आज हे बाहेर पडलं तर सगळे यंत्रं आणून माझ्या अंगावर फेकतील. उद्या संध्याकाळी सांगू या ना?"

"पायरी मी विसरले, ते मी सांगेन," निधी म्हणाली. "पण आजच. सगळं उघडं ठेवायचं म्हणतोस ना तू? मग चूक कशी झाकायची?"

"आणि बावखल?"

तिने त्याचा मोबाईल त्याच्यापुढे सरकवला. भूपेशने खिडकीतून बावखलाकडे पाहिलं. एक खंड्या पाण्यावर निळी रेघ ओढून गेला. मग त्याने बरणीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'काकींची विहीर गोड आहे. हा आकडा कैऱ्यांचा. चूक आमच्या पुस्तिकेची. घाबरून यंत्र लावलेल्यांनी परत द्यायचं असल्यास खुशाल द्यावं.'

पाच मिनिटांत भूपेशने मोबाईल दहादा उघडून पाहिला. मग पहिला निरोप आला, मालवणच्या कुणा अनोळखी बाईंचा: 'बहात्तरला कैरी मऊ पडत नाही का? आमची दरवर्षी पडते.'

उत्तर द्यायला खुद्द हंसाकाकी अवतरल्या. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून आवाजच पाठवला. आधी मिठाचं माप सांगितलं, मग पुस्तिकेत सातवी पायरी कोणती घालायची ते सांगितलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, जात्यावर बसल्यासारखा सूर लावला:

बावखल बाय माझी, लेकी तिच्या विहिरी
गोड पान्हा पाजिते वाळूच्या गं पदरी

त्यानंतर मंडळाला बांध राहिला नाही. केरळवाल्याने ओवीचा अर्थ विचारला, फ्लॉईडने तो इंग्रजीत सांगितला, सुंदरबनच्या मास्तरांनी तो बंगालीत नेला. सुरतेहून एकाने चौथ्या पायरीचं चित्र काढून दिलं, कुणी कोकणीत पुस्तिका करायला घेतली. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते सुधारणारे हात एका बरणीपायी दारात येऊन उभे राहिले. आणि यंत्र? एकानेही परत आणलं नाही. कारण रेजिनाबाय सकाळपासून सगळ्यांना सांगत सुटली होती, "माझी विहीर शून्य पूर्णांक चार. तुमची?" आता ज्याला त्याला आपली विहीर शेजाऱ्यापेक्षा गोड ठरवायची होती.

रविवारी सकाळी काकांच्या ओटीवर निधीने लॅपटॉप उघडला. अंगण भरलं होतं. काकांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजलं. एकेचाळीस. सगळे हिरवे, बरणीतून विहिरीत उतरलेला काकींचाही. बावखलाभोवती गर्द, कोवळ्या भातासारखे. दूर जावं तसे फिकट. खाडीच्या अंगाला पिवळट. बघणाऱ्याला कुणी समजावायची गरज उरली नव्हती.

काका मात्र कुरकुरले. "निम्मे तर भीतीनं आलेले. ती पैज धरायची कशी?"

भूपेश बोलायला उठला. एवढ्यात रेजिनाबाय पुढे सरकली.

"जयरामभाऊ, सगळ्यात गोड विहीर कोनाची ते बघितलंस?"

"कोनाची?"

"तुझी. शून्य पूर्णांक दोन. बावखलाला लागून हाय ना, म्हनून. माझा दुसरा नंबर." तिने पदर सावरला. "भर तू बावखल, भर. तुझी विहीर होईल खारी, नि पहिला नंबर येईल आमच्याकडं."

अंगणात हसू पिकलं. काकांनी लॅपटॉप जवळ ओढला, आपला ठिपका पाहिला, रेजिनाबायचा पाहिला, आणि खिशातून मोबाईल काढून हॉलच्या भागीदाराला फोन लावला. "हॅलो, ऐका! ते मातीचं राहू द्या. नाय, नाय, पुढच्या महिन्यात पन नाय. अहो, बावखल बुजवनं म्हंजे काय खेळ वाटला तुम्हाला? एकेचाळीस विहिरी पितात त्याच्यावर, एकेचाळीस! असल्या गोष्टी माझ्यासमोर बोलायच्याच नायत."

टाळ्या पडल्या. फोन खिशात टाकून काका भूपेशकडे वळले, तेव्हा त्यांचा चेहरा संतापाने लाल झालेला होता.

"आनि तू! शिकला-सवरलेला मानूस. लोक गावात बावखलं बुजवायला निघालेत, नि तू पाइपं कापत बसतोस? आधी येऊन मला समजावायचं नाय?"

भूपेशने निधीकडे पाहिलं. निधी घाईघाईने लॅपटॉपच्या मागे वाकली होती, आणि हसू दाबताना तिचे खांदे गदगदा हलत होते.

"चुकलं, काका," भूपेश म्हणाला.