एका पायात चप्पल

गावंडे सरांना कुठल्याही घरातून निघायला सव्वा तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, कारण माझ्या होस्टेलचं फाटक सात वाजता बंद होतं.

आधी ते दोन्ही हातांनी मांड्यांवर थाप मारतात आणि म्हणतात, "चाला मंग." नवा माणूस उठतो. पहिल्या दिवशी मीही उठले होते, पिशवी खांद्याला लावून. बाकी कोणी हललं नाही. सुमनबाई म्हणाल्या, "बस वं पोरी, भाऊ आता कुठी निघते!" मग दहा-पंधरा मिनिटांनी सर खरंच उभे राहतात आणि छपराकडे बघत विचारतात, हा पत्रा केव्हा बदलला. पत्र्यावरून गोष्ट गाईवर जाते, गाईवरून जावयावर. शेवटी उंबरठा. तिथे ते डाव्या पायात चप्पल घालतात आणि उजवी तशीच राहू देतात. ही एका चपलेची अवस्था सगळ्यात लांब असते.

यवतमाळला मी सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन आणि नेतृत्व या विषयात एम.ए. करते. बोरी अरबला आमच्या घरी बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई शेजारी सांगते, "पोरगी संस्था चालवाचं शिकून राह्यली." शेजारीण विचारते, "मंग शाळा काढते का कॉलेज?" आमच्याकडे संस्था म्हणजे तेवढंच. बाबा काही विचारत नाहीत, फक्त मी सुट्टीत घरी गेले की माझी पुस्तकं हातात घेऊन वजन बघतात.

दर गुरुवारी आमचं क्षेत्रकार्य असतं, म्हणजे गावात जाऊन प्रत्यक्ष काम बघायचं. मला पाथरवाडी मिळाली. गावंडे सर तिथे एका छोट्या संस्थेकडून चौदा वर्षं काम करत होते. बायकांच्या गटाची तुरीची डाळ मिल त्यांनीच उभी करून दिलेली. सुमनबाई गटाच्या अध्यक्ष. गावासाठी ते 'भाऊ', माझ्यासाठी सर.

वर्गात आम्हाला बैठक कशी घ्यावी यावर एक अख्खं प्रकरण आहे. मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. पण सरांच्या बैठकीत कोणी काही बोलायचंच नाही. सगळ्या बायका, "हो भाऊ, बरोबर भाऊ." मी हिरमुसून वही मिटायची. मग सर उंबरठ्यावर एक चप्पल घालायचे, आणि मागून आवाज यायचा, "भाऊ, एक सांगाचं व्हतं." मशीनचा पट्टा तुटून आठ दिवस झाले, दोघी जावांनी अबोला धरला, कोणाची तरी मुलगी शाळेतून काढणार आहेत, हे सगळं मला त्या उंबरठ्यावर कळलं.

"बैठकीत लोक ठराव बोलतात पोरी," सर म्हणाले, "अन् माणूस निघाला का खरं बोलतात. मनून निघाचं. पण लवकर निघाचं नाई."

"पण सर, एसटी गेली."

"येष्टी काय, दुसरी येते."

दुसरी यायची पावणेसहाला. वॉर्डनबाईंनी माझ्यासाठी वेगळी वही केली होती.

या वर्षी संस्थेत वरून ठरलं की आता पाथरवाडीचं काम थांबवायचं. गट स्वतःच्या पायावर उभा आहे, संस्थेने बाहेर पडावं. माझ्या प्रकल्पाचा विषयही तोच मिळाला. मी शीर्षक दिलं, 'पाथरवाडीतून संस्थेचे निर्गमन'. सर बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

"निर्गमन? हे तं येष्टी स्टँडवर लिवलेलं राह्यते. यवतमाळ-दारव्हा निर्गमन. माणसासाठी कायले वापरलं?"

अहवालावर त्यांची सही लागत होती. सोमवारी तो जमा झाला नाही तर माझं वर्ष गेलं असतं. सर सही करेनात. पहिल्यांदा म्हणाले समास कमी आहे. मी सगळा पुन्हा छापून आणला. मग त्यांना ऱ्हस्व-दीर्घ सापडलं. मग म्हणाले, "पिकू दे थोडा." मला रडू यायचं, पण मोठ्या माणसाला काय बोलणार. शनिवारी मी त्यांच्या यवतमाळच्या खोलीवर गेले. दारात चपलेचा एकच जोड होता. आत एक खुर्ची, तिच्यावर मला बसवून ते स्वतः खाटेवर बसले. अहवाल उघडा होता, पान अकरावर. चहा झाला, सही झाली नाही.

"उद्या शेवटची बैठक आहे," ते म्हणाले. "तू ये. तिथीच पाहू."

अहवाल परत घेऊन मी होस्टेलवर आले आणि पान अकरा काढलं. तिथे माझंच एक वाक्य होतं, पुस्तकातून शिकून लिहिलेलं: गट स्वावलंबी व्हावा यासाठी संस्थेच्या कार्यकर्त्याने किमान एक वर्ष गावाला भेट देऊ नये. लिहिताना मला कार्यकर्ता म्हणजे एक शब्द वाटला होता. मी पेनाने ते खोडायला घेतलं, पण वाक्य चूक नव्हतं. काय करावं ते मला कळेना. तसंच ठेवलं.

रविवारी बैठक झाली. सरांनी मिलची किल्ली सुमनबाईंच्या हातात दिली. "हो भाऊ, बरोबर भाऊ" झालं. आत चहा ठेवलेला होता, त्याचा वास येत होता. सरांनी मांड्यांवर थाप मारली, "चाला मंग." आणि ते उठले.

खरंच उठले. पत्र्याकडे बघितलं नाही. उंबरठ्यावर दोन्ही चपला घातल्या आणि चालायला लागले. मीच बसून राहिले होते, मग पळाले. मागून सुमनबाई ओरडल्या, "अवं भाऊ, चाय मांडला न! असे कसे निघाले?" सरांनी मागे न बघता फक्त हात वर केला.

फाट्यावर आम्ही एसटीच्या पाऊण तास आधी पोचलो. असं कधीच झालं नव्हतं. मी विचारलं, "सर, तुम्ही 'येतो' म्हटलं नाही."

"कसं म्हणू? येतो मनलं असतं तं खोटं झालं असतं. अन् जातो तं आपल्यात कोनी मनत नाई."

"मी ते वाक्य काढते सर."

"काहून काढतं? बरोबर लिवलं तू. मी असलो का सुमनबाई मशीनीचा पट्टा बी माझ्या तोंडाकळे पाहून बसवते." त्यांनी हात पुढे केला. "आन इकळे."

गुडघ्यावर अहवाल ठेवून त्यांनी सही केली. तारीखही घातली.

यवतमाळच्या स्टँडवर उतरलो तेव्हा साडेपाचही झाले नव्हते. सर एका बाकावर बसले. मी घाईत म्हणून गेले, "बरं सर, जाते मी."

"येते मनाव."

"येते."

"कदी?"

असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आता पाथरवाडी नसलेला, त्यांचा त्या एका खुर्चीच्या खोलीतला गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर आला.

"गुरुवारी," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. मी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही हातांनी मांड्यांवर थाप मारली आणि म्हणाले, "चाला मंग."

आम्ही दोघंही बसूनच राहिलो.