उंबरा नॉर्वेला जातो

तातोबा ढवळ्याच्या घराच्या उंबऱ्याला नॉर्वेला आठ महिने राहायला बोलावणं आलं, आणि तातोबाला आलं नाही.

बोलावणं मुलाचंच होतं. दिगंबर तिकडं जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्यानं आईला फोन करून सांगितलं, की रोहिणीला दिवस गेलेत, दसऱ्याच्या सुमाराला बाळ होईल, आणि आमच्या फ्लॅटच्या दाराला उंबराच नाही. बाहेरची फरशी तीच आतली फरशी. बाळ दवाखान्यातनं आणलं तर ते घरात आलं हे कशावरून धरायचं? पुढं ते रांगायला लागलं म्हणजे ओलांडणार काय? बाळानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला की गोडधोड करतात. ओलांडायलाच काही नसेल तर गोडधोड कशाच्या जोरावर करायचं? तेव्हा उंबऱ्यानं यावं, बाळ ओलांडून जाईस्तोवर राहावं, मग उन्हाळ्यात आम्हीच येताना त्याला घेऊन येतो.

"आणि ह्यांना?" हौसाबाईनं विचारलं.

दिगंबर म्हणाला, "आई, रोहिणीनं उंबऱ्याचंच नाव घेतलंय."

तातोबा शेजारीच बसला होता. त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि उंबऱ्याकडं बघितलं. उंबरा दारात आडवा पडला होता, नेहमीसारखा.

तातोबानं चाळीस वर्षं सूतगिरणीच्या गेटवर वॉचमनकी केली. शाळा तिसरीपर्यंत. पण आत कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, यातलं त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नव्हतं. गेटपास नाही म्हणून त्यानं एकदा खुद्द चेअरमनला अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. एवढं करून चाळीस वर्षांत त्याला कुणी फुलाची पाकळी वाहिली नाही. आणि घरी हा बाभळीचा ओंडका. बापानं बसवलेला. काम काय, तर पडून राहायचं. त्याला हौसाबाई रोज सकाळी धुणार, हळदकुंकू लावणार, दोन बोटं रांगोळी ओढणार, आणि मग उठून तातोबाचा चहा टाकणार. आधी त्याचं, मग ह्याचं. लग्न झाल्यापासनं हा क्रम होता आणि लग्न झाल्यापासनं तातोबा तो बघत होता.

रोहिणीनं उंबऱ्याचंच नाव का घेतलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी दिगंबर तिला लग्न करून पहिल्यांदा घेऊन आला. मुलगी जातीबाहेरची. तातोबा गेटवर राहायचा तसा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही." पोरीनं ठेवला नाही. ऊन मरणाचं होतं, ती दमून उंबऱ्यावरच बसली. उंबऱ्यावर कुणी बसत नाही. हौसाबाई तसं म्हणाली. तेव्हा उंबरा म्हणाला, "बसू दे."

दोन तास ती बसली. मग नवराबायको संध्याकाळच्या एसटीनं गेली.

उंबरा एरवी बोलायचा नाही. वर्षाकाठी एखादा शब्द. पण हे दोन शब्द तातोबाच्या मनात तेव्हापासनं कुसळासारखे राहिले. घर कुणाचं, दार कुणाचं, आणि परवानगी देणारा हा कोण?

कागदपत्रं निकम एजंटानं केली. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असा नियम आहे. उंबऱ्याची दोन्ही टोकं दिसली, ती चालली. बोटांचे ठसे नव्हते, त्याऐवजी अंगावरचे पायांचे ठसे घेतले. ते तीन पिढ्यांचे निघाले. निकम म्हणाला, जास्त असलेलं चालतं, कमी चालत नाही.

मग हवालदार चौकशीला आला. तो शेजारच्या वत्सलाबाईच्या ओट्यावर टेकला.

"ह्या उंबऱ्याबद्दल काय तक्रार? कुणाला अडवलं, पाडलं?"

"छ्या. माझ्या नणंदेला एकदा ठेच लागली, पण ती मेली बघून चालतच नाही."

"बरं. आणि तातोबा ढवळे कसा माणूस आहे?"

"त्याला कशाला विचारताय?"

"त्याचाही अर्ज आहे."

वत्सलाबाईनं पदर खोचला. "साहेब, तुम्ही चहा घ्या," ती म्हणाली.

अशा तऱ्हेनं गावाला कळलं, की तातोबानंही गुपचूप अर्ज भरलाय. हौसाबाईलाही तेव्हाच कळलं. त्या दिवशी चहा आणखी उशिरा आला.

मुलाखतीला दोघांना एकाच दिवशी मुंबईला बोलावलं. उंबरा काढताना चौकट जरा कुरकुरली. निकमच्या जीपमधे उंबरा सीटवर आणि तातोबा मागं, कारण उंबऱ्याला वाकता येत नाही. कचेरीत काचेपलीकडं एक चष्मेवाली बाई होती. तिनं आधी तातोबाला घेतलं.

"तिकडं जाऊन काय करणार?"

"लक्ष ठेवीन."

"कशावर?"

"आल्यागेल्यावर. तिकडं कोणच ठेवत नाही असं ऐकलंय."

"आणि परत येणार हे कशावरून?"

"मग काय तिथं मरू?"

बाईनं लिहून घेतलं. मग उंबऱ्याला टेबलावर आडवा ठेवला.

"तिकडं जाऊन काय करणार?"

"पडून राहीन," उंबरा म्हणाला.

"राहण्याचा उद्देश?"

"ओलांडून घेणं."

"परत येणार हे कशावरून?"

"मी आजवर कुठं गेलोच नाही."

बाईनं चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारला. तातोबाच्या कागदावर दुसरा शिक्का मारला. दोन्ही शिक्के निळेच होते, पण तातोबाचा लहान होता, नकाराचा.

त्यानंतर दीड महिना घरात नॉर्वेची तयारी चालली आणि तातोबाचा तिळपापड होत राहिला. हौसाबाईनं मेतकूट केलं, भाजणी केली, चटण्या केल्या, डिंकाचे लाडू केले. सगळं रोहिणीसाठी, उंबऱ्याच्या हाती. उंबऱ्याला हात नाहीत हे तातोबानं दाखवून दिलं. ती म्हणाली, "हात असून कोण काय देतं, ते बघितलंय." तिकडं थंडीनं लाकूड तडकतं असं कुणी सांगितल्यावर ती रोज दुपारी उंबऱ्याला करडईचं तेल चोळू लागली. निळ्या लोकरीचा पायघोळ स्वेटर विणायला घेतला, बिनबाह्यांचा. तातोबाच्या मफलरला सात वर्षं झाली होती आणि त्यातनं पलीकडचं दिसायचं.

"मला खोकला झालाय," तो म्हणाला.

"आडुळसा फडताळात आहे."

"बघतोस काय," तो उंबऱ्याला म्हणाला. "तिकडं सहा महिने ऊन नसतं. बर्फ बसंल उरावर."

उंबरा म्हणाला, "बसू दे."

तातोबा उठून दिवसभर पारावर जाऊन बसला.

पण निघायच्या आठ दिवस आधी निकम एक कागद घेऊन आला. अर्जदाराच्या गैरहजेरीत त्याच्या जागेवर कोण राहणार, त्याची सही हवी. जागा रिकामी ठेवता येणार नाही. कागद नसेल तर विमानात घेत नाहीत.

हौसाबाईनं तातोबाकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोरी तातोबाच्या हातात आली होती.

"मी नाही करणार," तो म्हणाला. "घरात दुसरं लाकूड असंल तर बघा."

"लाकूड चालत नाही," निकम म्हणाला. "घरातलाच पाहिजे. काकू नाहीतर तुम्ही."

"माझे गुडघे गेलेत," हौसाबाई म्हणाली. "आडवी झाले तर उठायची नाही. आणि मग स्वयंपाक कोण करणार, ह्ये?"

"मग नका पाठवू त्याला."

"बरं." तिनं लोकरीची सुई खाली ठेवली. "दिगूला कळवते. म्हणावं, बाळ दाराबाहेरच राहू दे. त्याच्या आईला सवय आहे."

निकम जमिनीकडं बघायला लागला. मग तातोबानं विचारलं, "सकाळचं हळदकुंकू कुणाला लागणार?"

"जो जागेवर असंल त्याला."

"चहाच्या आधी?"

"चहाच्या आधी."

"वाच तो कागद," तातोबा निकमला म्हणाला.

निकमनं वाचला. शेवटचं कलम असं होतं, की बदली माणूस आपणहून उठेपर्यंत जागा त्याचीच समजली जाईल. हे कलम तातोबानं तीनदा वाचून घेतलं आणि मग सही केली. सही करायला त्याला वेळ लागतो. 'ढ' नीट आला पाहिजे.

निघायच्या दिवशी सकाळी वेगळीच अडचण आली. प्रवासाला निघणाऱ्यानं उंबरा ओलांडून निघावं लागतं. उंबऱ्यानं काय ओलांडायचं? वत्सलाबाई म्हणाली, आधी तातोबाला निजवा. ते सगळ्यांना पटलं. तातोबा धोतर आवरून दारात आडवा झाला, डोकं चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. हौसाबाईनं उंबऱ्याच्या मध्यावर दही ठेवलं, स्वेटर चढवला आणि निकम नि हवालदारानं त्याला उचलून तातोबावरून पलीकडं नेला.

वरनं जाताना उंबरा म्हणाला, "जरा वाकडा पडलायस."

जीप गेली. तातोबा सरळ झाला.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. हौसाबाईनं ठरल्याप्रमाणं रोज सकाळी त्याला ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, पोटावर रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या. पहिले चार दिवस तातोबाला इतकं बरं वाटलं, की त्यानं पारावरच्या मंडळींना मुद्दाम बघायला बोलावलं. पण मग दिवसभर लोक ये-जा करत आणि त्यांच्या टाचा दिसत. गेटवर तो माणसांची तोंडं बघायचा. टाचा त्यानं बघितल्याच नव्हत्या. त्याच्या डोक्याशी कुणी शिंकायचं नाही, त्याच्यावरून देणंघेणं करायचं नाही. वत्सलाबाई मीठ मागायला आली की हौसाबाई तिला म्हणायची, "आत ये गं, नाहीतर मी बाहेर येते." आणि कुणालाही थांब म्हणायची सोय नव्हती. उंबऱ्यानं तसं म्हणायचं नसतं. विम्याचा एजंट आला, तोही गेला आत.

बाळ झालं. मुलगी. दिगंबरनं फोनवर चित्र दाखवलं: बर्फ, लाल दार, दारात निळा स्वेटर घातलेला उंबरा, आणि त्याच्यावरून बाळाला घेऊन आत जाणारी रोहिणी. हौसाबाईनं डोळे पुसले. फोन तातोबाच्या तोंडासमोर धरला.

"स्वेटर मळवलाय त्यानं," तातोबा म्हणाला.

वैशाखात दुसरं चित्र आलं. नात रांगत रांगत आली, उंबऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि सरळ पलीकडं गेली. तिकडं दुधी हलवा झाला, इकडं शिरा झाला. तातोबानं शिरा खाल्ला नाही. आपलं पोट फुगलंय म्हणाला.

पंधरा दिवसांनी निकमची जीप दारात आली. तातोबानं मान वळवली नाही, वळत नव्हतीच. आधी दिगंबरच्या टाचा दिसल्या. मग उंबरा उतरला. तेलानं काळाभोर झाला होता, अंगानं जरा भरला होता. मग रोहिणीच्या टाचा आल्या आणि दारासमोर, पहिल्या वेळी जिथं थांबल्या होत्या, बरोबर तिथंच थांबल्या. कडेवर पोरगी.

"अवो, उठा," हौसाबाई आतनं म्हणाली. "तो आला."

"ऊठ," उंबरा म्हणाला.

"कागद बघा," तातोबा म्हणाला.

निकमनं कागद काढला, डोळ्यांजवळ धरला आणि मान हलवली. तातोबाचं बरोबर होतं.

"मी आत येऊ का, बाबा?" रोहिणीनं विचारलं. आवाज साधाच होता, पण पाय हलले नाहीत.

"मला कशाला विचारतीस? मी उंबरा आहे. उंबरा कुणाला नको म्हणतो का?"

ती तरी हलली नाही. तिनं पोरीला खाली ठेवलं. पोरगी रांगत आली, रांगोळीच्या रेघांवर हात ठेवले, कुंकवाला बोट लावून बघितलं, आणि तातोबाच्या पोटावर चढून तिथंच मांडी घालून बसली. पलीकडं काही गेली नाही.

"अगं बाई, उचला तिला," हौसाबाई म्हणाली. "उंबऱ्यावर बसू नये."

तातोबाचा श्वास कोंडला होता. पोरगी चांगली वजनदार होती.

"बसू दे," तो म्हणाला.

रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं. मग ती वाकली, त्याच्या छातीला बोटं टेकवली, कपाळाला लावली, आणि उजवा पाय आत टाकला. तिच्यामागनं दिगंबर गेला. पोरगी अर्धा तास बसून होती. जीपला टेकवलेला उंबरा म्हणाला, "माझ्यावरनं सरळ निघून गेली होती."

तातोबा अजून उठलेला नाही. चहा त्याला जागेवर येतो, हळदकुंकवानंतर. उंबरा हल्ली अंगणात शेवग्याला टेकून असतो. आत यायचं झालं तर विचारतो, आणि तातोबा बहुतेक वेळा त्याला येऊ देतो.