दंताजीची लहान पुली

एका जंगलात, बाळांनो, दंताजी नावाचा एक रानडुक्कर राहत होता, आणि त्याच्याकडे लाल रंगाची, शर्यतीत पळवायची मोटार होती.

डुकराकडे मोटार कशी, असं विचारू नका. तुमच्या शेजाऱ्यांनी घेतली तेव्हा विचारलं होतंत का?

तर या जंगलात दर वर्षी मोटारींची शर्यत व्हायची. मोहाच्या झाडापासून नदीच्या उतारापर्यंत. दर वर्षी पहिला यायचा बिबटे आडनावाचा बिबट्या. दर वर्षी दुसरा यायचा दंताजी. मागल्या वर्षी तर तो अवघ्या एका नाकाच्या फरकाने हरला. आता डुकराने बिबट्याकडून नाकाने हरावं, याहून मोठी नामुष्की कोणती?

त्या दिवसापासून दंताजीला कंद गोड लागेना. चिखलात लोळला तरी अंगाची आग जाईना. शेवटी तो उठला आणि साळिंदर मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीचं गॅरेज वारुळाच्या पलीकडे होतं. मिस्त्री हाताचा गुणी होता. खोड एकच. गिऱ्हाइकाला खरं सांगायचा. त्यामुळे गॅरेजमध्ये गर्दी नसायची.

“मिस्त्री, गाडी पळत नाही,” दंताजी म्हणाला.

“पळते की. बिबटेसाहेबांची जास्त पळते, एवढंच.”

“तेच म्हणतोय मी.”

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. अंगावरचा एक काटा काढला आणि इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या पट्ट्यावर टेकवला.

“हे बघा, दंताजीराव. इंजिन म्हणजे घरातला एकटा कमावता. आणि या पट्ट्याला लटकलेत ते खाणारे. हा पाणी फिरवणारा पंप. हा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. हा स्टिअरिंगचा पंप, आणि हा एसी. इंजिनाची थोडी थोडी ताकद हे सगळे गिळतात.”

“मग हाकलून द्या ना त्यांना!”

“हाकलता येत नाही. ताट मात्र लहान करता येतं.” मिस्त्रीने फळीवरून पट्टा फिरवणारी एक चकचकीत पुली काढली. “इंजिनाला ही बसवायची. मूळच्यापेक्षा घेर लहान. म्हणजे पट्टा हळू, पट्ट्यावरचे खाणारेही हळू. वाचलेली ताकद चाकांना.”

“किती वाचते?”

“नशीब असेल तर दहा-बारा घोड्यांची.”

एवढे घोडे बसवायचे कुठे, म्हणून दंताजीने मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, “बसवा.”

“आधी तोटे ऐका.”

“फायदे ऐकले ना? झालं तर मग.”

“तरी ऐकाच. गाडी पळत असली की काही जाणवणार नाही. पण चालू गाडी एका जागी उभी राहिली की पंप आळसावणार, पाणी तापणार. बॅटरी अर्धपोटी राहणार. शिवाय मूळ पुलीत रबर असतं, ते इंजिनाची थरथर पोटात घेतं. हिच्यात ते नाही. आज ना उद्या इंजिनाचे सांधे धरतील. थोडक्यात, पळत राहा. थांबू नका.”

“शर्यतीत कोण थांबतं, मिस्त्री?”

मिस्त्रीने जन्मात शर्यत पाहिली नव्हती. त्याने पुली बसवली.

दंताजीने गाडी मोकळ्या माळावर काढली आणि पाय दाबला. काय सांगू तुम्हाला! गाडी अशी सुटली की त्याचे कान मागे गेले ते पाऊण तास पुढे आलेच नाहीत. दंताजीच्या डोळ्यांत पाणी आलं. या वर्षी बिबट्याचं तोंड आरशात दिसणार!

संध्याकाळी त्याने बायकोला फिरायला नेलं. कंदाबाई सोशीक होती, पण मुकी नव्हती.

“अहो, या एसीतून माझ्या तोंडावर कोण उसासे टाकतंय?”

“शर्यतीत एसी लागत नाही, अगं.”

“आणि हे दिवे आहेत की काजवे?”

“शर्यत दिवसा असते.”

कंदाबाईने हॉर्न दाबून पाहिला. बेडकाला पडसं झाल्यासारखा आवाज आला.

शर्यतीचा दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता खुद्द वनराज सिंह झेंडा दाखवणार होते. आठलाच गाड्या मोहाखाली रांगेत लागल्या. दंताजीची बॅटरी रात्रीतच बसली होती. कंदाबाईने घरीच ढुशी देऊन गाडी चालू करून दिली आणि मोहाखाली येऊन ती रांगेच्या बाजूला उभी राहिली.

नऊ वाजता माईकवरून पोपट म्हणाला, “वनराज निघालेले आहेत.”

दहा वाजता म्हणाला, “वनराज निघण्याच्या तयारीत आहेत.”

अकरा वाजता म्हणाला, “वनराज उठलेले आहेत.”

बिबट्याने गाडी केव्हाच बंद केली होती. तो सीट मागे करून घोरत होता. दंताजीची मात्र पंचाईत झाली. गाडी बंद करावी तर चालू होणार नाही. चालू ठेवावी तर तापणार. तापमानाचा काटा हळूहळू तांबड्याकडे सरकत होता.

“अहो, बंद करा ती!” कंदाबाई ओरडली. “मी देते पुन्हा ढुशी.”

“रांगेत लागल्यावर बायकोने ढकललेली गाडी शर्यतीतून बाद होते, अगं! नियम आहे.”

एवढ्यात त्याला सुचलं. पाय दाबला, की इंजिन जोरात फिरेल. इंजिन जोरात, तर पंपही जोरात. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच पाय दाबला. घर्रर्र! काटा केसभर खाली आला. पुन्हा चढला. पुन्हा घर्रर्र.

बारा वाजता वनराज आले. हार झाले, तुरे झाले. मग ते बोलायला उभे राहिले.

“माझ्या वनबांधवांनो, आता आपण वेग धरला पाहिजे!”

सगळीकडे शांतता. सशांना पेंग आली होती. माकडं भुकेने गप्प होती. आणि त्या शांततेत दंताजीची गाडी गरजली, “घर्रर्र!”

वनराज थबकले. इतक्या वर्षांत त्यांच्या भाषणाला अशी दाद मिळाली नव्हती.

“थांबला तो संपला!” ते म्हणाले.

“घर्रर्र!” कारण काटा पुन्हा चढला होता.

वनराजांना चेव आला. दोन मुद्दे बोलायचे होते, ते एकोणीस बोलले. प्रत्येक मुद्द्याला दंताजी दाद देत होता. घामाने त्याचे केस अंगाला चिकटले होते. तो मनात म्हणत होता, ‘आवरा महाराज, पाया पडतो!’ बाहेर मात्र घर्रर्रच ऐकू जात होतं.

एकोणिसाव्या मुद्द्याला बॉनेटखालून सूं झालं, भस्स झालं आणि वाफेचा पांढराशुभ्र लोट मोहाच्या शेंड्यापर्यंत गेला. गाडी बंद पडली.

वनराजांनी भाषण तिथेच थांबवलं. “शब्द ऐकून ज्याच्या गाडीलाही भरून आलं, असा रसिक मी पाहिला नाही.” त्यांनी टेबलावरचा विजेत्याचा चषक उचलला आणि दंताजीच्या मांडीवर ठेवला. त्यांना पुढे पलीकडच्या डोंगरावर पाणवठ्याचं उद्घाटन होतं. ते गेले. त्यांच्यामागे पोपट गेला, माईक गेला, सगळी प्रजा गेली. झेंडा कोणी दाखवलाच नाही.

बिबटे जागा झाला, घाईने सुटला आणि नदीवर पहिला पोचला. तिथे फक्त एक बगळा होता आणि त्याचं लक्ष माशाकडे होतं.

दंताजी चषक घेऊन थंड होणाऱ्या गाडीत बसून राहिला. त्याला बिबट्याचं तोंड आरशात पाहायचं होतं. आरशात नुसती वाफ होती.

“अहो, जिंकलात ना?” कंदाबाईने विचारलं.

“तसं म्हणतात खरं,” तो म्हणाला.

तासाभराने बिबटे परत आला. चषकाकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. “दंताजीराव, खरं सांगा. गाडीत काय बसवलंत?”

“लहान पुली,” दंताजी म्हणाला. तो खोटं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी साळिंदर मिस्त्रीच्या दारात वारुळापर्यंत रांग लागली. पहिल्या नंबरावर बिबटे होता.

“बसवतो,” मिस्त्री म्हणाला, “पण आधी तोटे ऐका. उभी राहिली की गाडी तापेल.”

“नक्की तापेल ना?” बिबट्याने काळजीने विचारलं. “आणि वाफ किती उंच जाते?”

तात्पर्य : लहान पुलीने गाडी पुढे जाते की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पण योग्य व्यक्तीसमोर गाडी बंद पडली, तर मालक नक्की पुढे जातो.