पलाझ्झो झोर्दान

"उतरवा ती पाटी, जावईबापू! व्हेनिसात पलाझ्झो म्हणावा असा महाल एकच, जुन्या राज्यकर्त्यांचा, दोजेंचा. बाकीच्यांची नुसती का'. का' म्हणजे घर!"

म्हातारे अल्वीझे झोर्दान जिन्यात बसून रोजच्यासारखे कडाडले. जावई तिबेरियो पडला रोमचा. पोपडे धरलेल्या त्या घराच्या दोन खोल्या त्याने पाहुण्यांसाठी काढल्या होत्या आणि दारावर ऐटदार पितळी पाटी ठोकली होती.

"शब्द आमचा आहे, बाबा. आमच्या पालातिनो टेकडीवर सम्राट राहायचे, त्या टेकडीवरून पलाझ्झो आला. आता आमच्याकडे धुणी वाळत घातलेल्या इमारतीलाही पलाझ्झोच म्हणतात!"

"मग जा की टेकडीवर! इथं कशाला..."

वाक्य अर्धंच राहिलं. म्हाताऱ्याचा हात छातीवर गेला, ओठ निळे पडले. तिबेरियोने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"बोट पाठवा! पलाझ्झोत हार्ट अटॅक आलाय!"

"कुठल्या पलाझ्झोत?"

"झोर्दान!"

"ऐकलं नाही कधी. घराचा नंबर सांगा."

नंबर पाटीखाली गेला होता आणि भांबावलेल्या तिबेरियोला तो काही केल्या आठवेना.

"अहो, नंबर कसला मागताय? पलाझ्झो! पलाझ्झो!" तो किंचाळला.

बोट सुसाट दोजेंच्या महालाकडे गेली. तिथं पाय दुखले म्हणून डोळे मिटून टेकलेल्या एका प्रवासी बाईंना बोटीवरच्या माणसांनी स्ट्रेचरवर घातलं. बाईंनी पर्स हाणली. इकडे तिबेरियो सुरीने पाटी उचकटत होता. सुरी मोडली, पाटी जागची हलली नाही.

तेवढ्यात त्याची बायको लोरेदाना बाजारातून आली. वडिलांकडे पाहताच तिने फोन हिसकावला. "का' झोर्दान," एवढंच म्हणाली.

बोट लगेच आली. "हे होय!" नावाडी हळहळला. "आधीच का' म्हणायचं ना!"

अल्वीझे तोवर गेले होते. लोरेदाना नवऱ्याकडे पाठ करून वडिलांपाशी बसली. तिने बोल लावला असता तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने अंत्यविधीवाल्याला फोन केला. या वेळी चूक करायची नव्हती.

"का' झोर्दानला या," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"का' झोर्दानला? कोण गेलं?"

"अल्वीझे. माझे सासरे."

"अरे देवा, आमचा अल्वीझे? मग पलाझ्झो म्हणा की राव! पाटी लागली त्या दिवशी म्हाताऱ्याने सगळ्या गुत्त्याला वाईन पाजली. 'जावयानं मला म्हातारपणी पलाझ्झोत बसवलं,' म्हणाला. आता पाटी बघूनच बोट लावतो दाराशी."

पाटी तिबेरियोने सकाळीच पहारीने उचकटून कालव्यात फेकली होती.