करंजखोपची विहीर : एक अभ्यास

निंबाळ विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध मंजूर झाला, की त्याचा विषय त्याच दिवशी सूर्यास्ताला विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून नाहीसा होत असे. कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचं होतं. पलीकडच्या जिल्ह्यात तीच गोष्ट सुखरूप असायची, पण तिथलं विद्यापीठ वेगळं होतं.

यात कुणाला वावगं वाटत नसे. ज्याचा अभ्यास पूर्ण झाला ते आता ग्रंथालयात आहे, ज्याला हवं त्याने तिथे जाऊन पाहावं, एवढी साधी गोष्ट होती. पूर्वी कुणा प्राध्यापकाने भातावरच्या एका किडीवर प्रबंध लिहिला होता. ती कीड गेली, पीक दुप्पट झालं आणि प्राध्यापकांचा फोटो मुख्य इमारतीच्या जिन्यात लागला. कुमुद वडके रसायनशास्त्रात संशोधनाला आली ती तो फोटो बघून.

तिचा विषय होता, ‘करंजखोप येथील विहिरीच्या पाण्यात मिसळणारी रंगद्रव्ये’. करंजखोपच्या वरच्या अंगाला कापडाच्या रंगांचा एक कारखाना होता. खाली गावची पायऱ्यांची विहीर होती आणि तिचं पाणी पिवळंजर्द झालं होतं. विहिरीला लागून गजराबाईचं घर. तिच्या दोन म्हशी त्या पाण्याने गाभडल्या आणि पुढच्या वर्षी नवरा मूत्रपिंडाच्या दुखण्यात गेला. कुमुद दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एसटीने यायची, पायऱ्या उतरून बाटल्या भरायची आणि मग गजराबाईकडे चहा प्यायची. चहा टँकरच्या पाण्याचा असे.

“तुझं ते पुस्तक पास झालं की रंग जाणार, हे नक्की ना?” गजराबाई दर वेळी विचारायची.

“त्याच संध्याकाळी, मावशी.”

हे बोलणं नऊ वर्षं चाललं. पहिल्या खेपेला प्रबंध परत आला तो डावीकडचा समास अर्धा सेंटिमीटर कमी होता म्हणून. दुसऱ्या खेपेला ‘रंगद्रव्य’ हा शब्द एकवचनी की अनेकवचनी, याचा खुलासा मागवला गेला. तिसऱ्या खेपेला खुलासा मिळाला, पण तो अनेकवचनात आहे, असं कळवण्यात आलं. अकरा वेळा प्रबंध गेला आणि अकरा वेळा परत आला.

बाकीच्यांचे मात्र झपाझप मंजूर होत होते. वनस्पतिशास्त्राच्या एकाने डोंगरउतारावरच्या जांभळ्या नाचणीवर लिहिलं. भाषाशास्त्राच्या एका बाईंनी धनगरवाड्यांवर मेंढरांना हाका मारायच्या शब्दांवर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी धनगर कळपामागे नुसते हात हलवत उभे राहिले. आणि तिसऱ्या वर्षी संगीत विभागाच्या एका हुशार मुलाने ‘तांबट आळीतील ठोक्यांची लय’ हा प्रबंध दिला. तो बेचाळीस दिवसांत मंजूर झाला.

कुमुदचे वडील त्याच आळीत हंडे-घंगाळी घडवायचे. त्या संध्याकाळी त्यांनी हातोडा मारला आणि आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा मारला. मग हातोडा कानाजवळ धरून पाहिला. तांबं कुठे जाड आहे आणि कुठे पातळ झालंय, हे ते ठोक्याच्या आवाजावरून ओळखायचे. आता त्यांचे हंडे फाटायला लागले. महिन्याभराने त्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. संगीताच्या मुलाने घरी पेढे पाठवले होते. कुमुदने ते खोक्यासकट गटारात टाकले.

“सर, ठोके कुणाला त्रास देत होते?” तिने तेव्हा आपल्या मार्गदर्शकांना, डॉ. सबनीसांना, विचारलं होतं.

“त्रासाचा प्रश्नच नाही,” सबनीस म्हणाले होते. “प्रबंध निर्दोष होता.”

तेव्हापासून कुमुद संतापलेलीच होती. ती आरडाओरडा करत नसे. परत आलेला प्रबंध ती दुरुस्त करायची आणि पुन्हा द्यायची, आणि कार्यालयातले कारकून तिला येताना पाहून खुर्चीत ताठ बसायचे.

दहाव्या वर्षी बाराव्या खेपेला पत्र आलं, की प्रबंध स्वीकारण्यात आला असून शुक्रवारी अकरा वाजता खुली मौखिक परीक्षा आहे. कुमुदने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचं लक्ष शीर्षकाकडे गेलं. तिथे लिहिलं होतं, ‘करंजखोपची विहीर : एक अभ्यास’.

ती तशीच सबनीसांच्या खोलीत गेली.

“सर, यात रंग नाही. पाणीसुद्धा नाही. नुसती विहीर आहे.”

“समितीने शीर्षक सुटसुटीत केलंय.” सबनीसांनी चष्मा पुसायला घेतला. “तुमची तक्रार विहिरीच्या पाण्याबद्दल होती. विहीर गेली की तिचं पाणी जाईलच.”

“आणि कारखान्याचा रंग?”

“तो कुठे मिसळतो, हे दाखवायला काही उरणार नाही. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या तो कुठेच मिसळत नाही.”

“मला प्रबंध मागे घ्यायचाय.”

“त्याला मार्गदर्शकाची सही लागते. मी या महिनाअखेर निवृत्त होतोय, कुमुद. माझा एकही विद्यार्थी मागे फिरलेला नाही.”

“मग मी परीक्षेला येणारच नाही.”

“गैरहजर उमेदवाराची हरकत नाही, असं धरलं जातं. उलट लवकर आटोपेल.” चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर विभागाची नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. ती कारखान्याने बांधून दिली होती.

कुमुदने ग्रंथालयात बसून परिनियम काढले. परीक्षेत नापास झालेल्या उमेदवाराचा विषय जसाच्या तसा राहतो, असं कलम होतं. त्या विद्यापीठात आजवर कुणी नापास झालं नव्हतं.

शुक्रवारी सभागृहात शेवटच्या रांगेत गजराबाई बसलेली होती. तिने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर नारळ ठेवला होता. शीर्षक बदलल्याचं सांगायला कुमुदने केलेला फोन तिला लागला नव्हता. तिच्याकडे पाहणं टाळत कुमुद जागेवर जाऊन उभी राहिली.

समितीचे अध्यक्ष डॉ. बेलसरे यांनी शीर्षक खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि पहिला प्रश्न विचारला. “पाण्याचे एकूण नमुने किती घेतलेत?”

एकशे चार. प्रत्येक बाटलीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

“एकही नाही,” कुमुद म्हणाली.

बेलसऱ्यांनी मान डोलावली. “विनय आहे. पुढचा प्रश्न.”

“पाणी पिवळं कशामुळे होतं?” बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

काहीतरी मूर्खपणाचं बोलायचं म्हणून कुमुद म्हणाली, “हळदीमुळे. बायका पूजा करून टाकतात.”

तिघा परीक्षकांनी एकदम पेनं उचलली. बाहेरगावचे म्हणाले की हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, तो वेगळा छापायला हवा. बेलसऱ्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे बसलेला कारखान्याचा माणूसही लिहून घेत होता. नऊ वर्षांत जे तिच्याकडून कुणाला काढून घेता आलं नव्हतं, ते तिने आपणहून त्यांच्या हातात दिलं होतं. शेवटच्या रांगेतून नारळ खाली पडल्याचा आवाज आला.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मी मुद्दाम खोटं बोलले. तुम्ही सगळ्यांनी ते लिहून घेतलंत.”

“स्वतःच्या निष्कर्षाकडे टीकात्मक दृष्टीने पाहणं,” बेलसरे लिहिता लिहिता म्हणाले, “उत्तम. आता नियमाप्रमाणे श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न विचारायचाय?”

नियम होता, पण आजवर कुणी विचारला नव्हता. बेलसऱ्यांनी सहीसाठी पेन टेकवलंसुद्धा. तेवढ्यात गजराबाई उभी राहिली.

“मला विचारायचाय.”

“आपण कोण?”

“मी त्या विहिरीवरची.”

बेलसऱ्यांनी परिनियमाचं पुस्तक चाळलं. विहिरीवरच्या माणसाने प्रश्न विचारू नये, असं त्यात कुठे नव्हतं. “विचारा. थोडक्यात.”

गजराबाईने कुमुदकडे पाहिलं. “विहिरीला पायऱ्या किती?”

कुमुदला उत्तर पाठ होतं. भरलेल्या बाटल्यांची पिशवी घेऊन ती त्या पायऱ्या मोजतच चढायची, नाहीतर दम लागायचा. सोपा प्रश्न विचारला तर पोरगी पास होईल असं मावशीला वाटतंय, अशी तिची समजूत झाली.

“बावीस,” ती म्हणाली.

बेलसऱ्यांनी घाईने विचारलं, “उत्तर समाधानकारक आहे ना, बाई? हो म्हणा, म्हणजे पुढचं करू.”

“नाही.”

“अंदाजे बरोबर आहे का?”

“साफ चूक आहे. म्हणं विहीर, एक अभ्यास. जिला विहिरीच्या पायऱ्या ठाऊक नाहीत, तिने कसला अभ्यास केला? नापास करा तिला.”

परीक्षकांनी आपसात कुजबूज केली. परिनियमांत तोड निघेना. श्रोत्याचं समाधान झाल्याशिवाय सही करता येत नव्हती, आणि पाच वेळा विचारूनही गजराबाईचं समाधान होत नव्हतं. शेवटी बेलसऱ्यांनी ‘अनुत्तीर्ण’ असं लिहिलं. तो शब्द त्यांना सवयीचा नसल्यामुळे दोनदा खोडावा लागला. सबनीस कुणाशी न बोलता निघून गेले. कारखान्याचा माणूस फोन कानाला लावून दाराबाहेर पळाला.

स्टँडवर दोघी बाकावर बसल्या.

“मावशी, तुला कधी कळलं?”

“त्याने नाव वाचलं तेव्हाच. त्यात रंग कुठं होता? आणि ते हळदीचं का बोललीस?”

“चुकलं.”

“चुकलंच. गावात बोलू नको ते कुणापाशी.” गजराबाईचा आवाज अजून खाली आला नव्हता. “परत नाव घालणार का?”

“सोमवारी. पहिल्यापासून.”

“पायऱ्या किती, सांग आता खरं.”

“एकेचाळीस.”

“त्रेचाळीस. दोन पाण्याखाली असतात.”

कुमुदने पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. गाडी लागली तेव्हा दोघी पुढच्या सीटवर बसल्या. करंजखोपला पोचायला दोन तास लागले, कारण वाटेतल्या दगडी पुलावरचा प्रबंध गेल्या महिन्यात मंजूर झाला होता आणि गाड्या आता वळसा घालून जात होत्या.